शेवटचे पान नसलेली ‘मोबी डिक’

जळगावातील एका दुकानातून गेल्या चैत्रात २७५ रुपयांना घेतलेली हर्मन मेल्व्हिल यांच्या ‘मोबी डिक’ या देवमाशाच्या शिकारीवरील कादंबरीची ही स्वस्त इंग्रजी आवृत्ती १३५व्या प्रकरणावर संपते. जहाज बुडते, समुद्र पुन्हा सपाट होतो आणि पुढे थेट मागचा पुठ्ठा. मूळ कादंबरीत यानंतर एक छोटा उपसंहार आहे. सोबती क्वीक्वेगसाठी केलेल्या शवपेटीच्या आधाराने तरंगत राहिलेला निवेदक इश्माएल तेवढा वाचतो आणि ‘रेचेल’ हे जहाज त्याला उचलून घेते. तेवढे पान गळले, की ही हकिगत सांगितली कोणी, हा प्रश्न वाचकाच्या गळ्यात पडतो.

गंमत अशी, की ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत निघालेल्या पहिल्या आवृत्तीतही हाच उपसंहार राहून गेला होता, आणि मेलेल्या माणसाने गोष्ट सांगितली कशी, असे म्हणत तिथल्या काही समीक्षकांनी लेखकालाच बोल लावले. पुढच्याच महिन्यात न्यू यॉर्कला निघालेल्या आवृत्तीत तो जागच्या जागी होता. आजच्या प्रकाशकाने निदान तीच आवृत्ती समोर ठेवायला हवी होती.

कादंबरी मात्र अशा छपाईलाही पुरून उरते. साठावे प्रकरण केवळ दोराविषयी आहे. इंचाच्या दोन तृतीयांश जाडीचा, बाराशे फुटांहून लांब आणि सुमारे तीन टन ताण सोसणारा हा दोर टबात वेटोळे घालून ठेवलेला असतो. भाला लागलेला देवमासा पळू लागला, की दोर वल्हेकऱ्यांच्या अंगाला चाटून सुटतो आणि कोणाचा हात अडकला तर त्या माणसासह जातो. अमेरिकी होड्यांवर हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या धाग्याच्या, जागी मनिला दोर आल्याचे मेल्व्हिल सांगतात. तो ज्या अबाकापासून निघतो, ते फिलिपाइन्सचे झाड केळीच्याच कुळातले. आमच्या यावल-रावेरकडे घड उतरवल्यावर खोड बांधावर फेकतात, सोपटाने फार तर हार बांधतात. त्याच्याच भावकीतला धागा समुद्रात देवमासा धरून ठेवत होता. (देवमासा हा मासाच, असा इश्माएलचा हट्ट आहे, मराठी शब्दानेही त्याचीच बाजू घेतली आहे.)

प्रस्तावना दीड पानाची आहे आणि लेखकाला ‘खलाशी’ म्हणून मोकळी होते. १८४१ च्या जानेवारीत ‘अकुश्नेट’वरून निघालेला हा तरुण पुढच्याच वर्षी मार्केसास बेटांवर जहाज सोडून पळाला, हे त्यात आहे, पण ही कादंबरी फारशी न खपल्यावर १८६६ पासून १९ वर्षे न्यू यॉर्कच्या जकात खात्यात निरीक्षकाची नोकरी केलेला मेल्व्हिल त्यात कुठेच नाही.

बांधणी डिंकाची असून मे महिन्यातच सुटली. ९६वे प्रकरण पहिल्यांदा हातात आले. त्यात देवमाशाची चरबी कढवताना तिचाच चोथा भट्टीत घालतात, गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाडे घालावीत तसा.

कादंबरी जरूर वाचावी, पण ही आवृत्ती घेऊ नये. दुकानदाराने प्रत बदलून देण्याची तयारी दाखवली. मात्र फळीवरील उरलेल्या दोन्ही प्रती उघडल्या, तर त्याही १३५वरच संपत होत्या. अखेर उपसंहार बाहेरून छापून आणला आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवला.