आरएआरपी की बूटपी? जुनी वर्कस्टेशन नेटवर्कवरून बूट करताना

सनच्या स्पार्कस्टेशनवर ‘बूट नेट’ (डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू हो) ही आज्ञा दिली की ते आरएआरपी या पद्धतीने नेटवर्कवर हाक मारतं: माझा आयपी पत्ता काय? १९८४ ची ही पद्धत थेट इथरनेटवर चालते, त्यामुळे विनंती राउटर ओलांडत नाही. सर्व्हर त्याच नेटवर्कवर हवा, त्यावर आरएआरपी डीमन (मागे चालत राहून उत्तर देणारा प्रोग्राम) चालू हवा, मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक) सर्व्हरच्या ईथर्स फाइलीत हवा. एवढं करूनही घोडं अडतं ते फाइलीच्या नावावर. १९२.१६८.१.१० हा पत्ता मिळालेलं सन४एम (सनचा एक मशीन-प्रकार) मशीन टीएफटीपीने (फाइल उतरवायची साधी पद्धत) ‘सी०ए८०१०ए.सन४एम’ ही बूट फाइल मागतं, म्हणजे पत्त्याचे चारही आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत), सगळी अक्षरं कॅपिटल. एक अक्षर चुकलं तरी गाडी तिथेच थांबते. पुढे बूटपॅराम्स (बाकीच्या फाइली कुठे आहेत ते सांगणारी सेवा) आणि एनएफएस (त्या फाइली नेटवर्कवरून देणारी सेवा) आहेतच.

एसजीआय कंपनीचं इंडी हे वर्कस्टेशन मात्र बूटपी वापरतं. १९८५ ची ही पद्धत यूडीपीवर चालते, रिले (विनंती दुसऱ्या नेटवर्कवर पोचवणारा मधला दुवा) लावता येतो, आणि आजचे बरेच डीएचसीपी सर्व्हरही (आयपी पत्ते वाटणारे) तिला उत्तर देतात. मांडणीला मला हीच सोपी वाटते. पण तिच्यात एक खोच आहे: पत्ता मिळतो, फाइल मात्र उतरत नाही. इंडीच्या जुन्या प्रॉमला (मशीन सुरू करणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रामला) सर्व्हरचे ३२७६७ च्या वरचे पोर्ट क्रमांक झेपत नाहीत. लिनक्स सर्व्हरवर पोर्टची वरची मर्यादा खाली आणली की तीच फाइल सुरळीत उतरते.

दोन्ही पद्धतींत आधी सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम) लावा. विनंतीच दिसत नसेल तर स्विच बघा. ही मशीन १० मेगाबिटची, आणि काही नवे स्विच तेवढ्या कमी वेगावर येतच नाहीत.