भाड्याने घेतलेलं सीपॅप मशीन: दीड महिन्याचा अनुभव

ह्यांच्या घोरण्याची मला तीस वर्षांची सवय. पण गेल्या दिवाळीपासून घोरणं मधेच थांबायचं, खोली एकदम शांत व्हायची आणि मग गुदमरल्यासारखा श्वास यायचा. मी उठून बसायची, तो यायची वाट बघत. दिवसा हे पेपर हातात धरून पेंगायचे, डेअरीच्या हिशेबात चुकायला लागले होते. घरीच झोपेची तपासणी करून घेतली. तासाला ३८ वेळा श्वास अडकतोय असं निघालं.

झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारं हे सीपॅप मशीन एकदम विकत न घेता भाड्याने घेतलं, ते बरंच झालं. पहिल्या मास्कमधून डाव्या डोळ्याकडे हवा सुटायची, सकाळी डोळा लालभडक. फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी मशीन भाड्याने देणाऱ्यांकडचा मुलगा आला. त्याने ह्यांना पलंगावर आडवं केलं, मशीन चालू केलं आणि मग पट्टे बसवले. "काका, बसल्यावर नीट बसतो तो मास्क झोपल्यावर सरकतो." शेवटी नुसता नाकापुरता लहान मास्क दिला. त्या रात्री हे सलग पाच तास झोपले.

एक गोष्ट मात्र खटकली. माहितीपत्रकात छापलंय, 'रोज रात्री मेंदूची सफाई, विसरभोळेपणा दूर'. मी शाळेत विज्ञान शिकवलंय, म्हणून सांगते. २०१३ साली अमेरिकेत रोचेस्टरला उंदरांवर प्रयोग झाले. झोपेत मेंदूच्या दोन पेशींच्या मधली मोकळी जागा १४ टक्क्यांवरून २३ टक्क्यांपर्यंत वाढली, आणि अल्झायमर ह्या स्मृतिभ्रंशाच्या आजाराशी संबंध असलेलं प्रथिन बीटा-अ‍ॅमिलॉइड लवकर वाहून गेलं. २०१९ मध्ये बोस्टनला झोपलेल्या माणसांच्या मेंदूत द्रवाच्या लाटा प्रत्यक्ष दिसल्या, गाढ झोपेतल्या मेंदूच्या संथ विद्युत लहरींच्या पाठोपाठ येणाऱ्या. वाचताना अंगावर काटा आला होता. पण २०२४ मध्ये लंडनच्या संशोधकांना उंदरांमध्ये नेमकं उलटं आढळलं, झोपेत मेंदूतल्या कचऱ्याचा हा निचरा मंदावतो असं. वाद अजून मिटलेला नाही. काळजीत असलेल्या घरच्या माणसांना असं पक्कं वचन देऊन मशीन विकू नये. श्वास अडकला की झोप मोडते, गाढ झोप लागतच नाही, एवढं खरं कारण पुरेसं आहे.

रोज डिस्टिल्ड पाणी भरायचं, मास्क साबणाच्या पाण्याने धुवायचा, एवढंच काम. आवाज पंख्याहून कमी. परवा ह्यांनी सकाळी चहा घेताना स्वप्न सांगितलं, कित्येक वर्षांनी. पुढच्या महिन्यात विकतच घेणार आहोत, त्याच मुलाकडून.