बास रॉड घेताय? आधी सिंहगड रोडच्या पार्किंगमध्ये मला काय विकलं ते वाचा

पुण्यात मरळ माशासाठी बास रॉड, म्हणजे गळ टाकायची काठी, शोधणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खास करून ज्यांचं दोन रॉडमध्ये घोडं अडलंय, हा घेऊ का तो घेऊ, आणि ज्यांना कुणीतरी "दादा या ना, दोन्ही हातात घेऊन बघा आणि मगच ठरवा" असं सांगतंय. माझी फसवणूक झाली ती ह्याच हातात घेऊन बघण्यात. डुप्लिकेट माल विकणारे आधीपासून आहेतच, पण हा माणूस नुसता डुप्लिकेट विकत नाही, तो दोन रॉड समोर ठेवून तुलना करून दाखवतो आणि ती तुलनाच लबाडीची असते. नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे, पण पद्धत सगळी सांगतो.

नवीन लोकांसाठी थोडं आधी. बास म्हणजे लार्जमाउथ बास, मूळचा अमेरिकेतला मासा, आपल्या भीमेत किंवा मुळा-मुठेत तो नाही. पण त्याच्यासाठी बनवलेले रॉड आपल्या मरळीला अगदी फिट बसतात कारण दोन्ही मासे गवतात, जलपर्णीत दडून बसतात आणि वर काही हललं की तुटून पडतात. मरळीला आपण रबरी बेडूक टाकतो, जलपर्णीवरून हळूहळू ओढत आणायचा, पाणी फुटलं की क्षणभर थांबायचं आणि मग जोरात हुकसेट, म्हणजे रॉडला झटका देऊन हुक तोंडात रुतवायचा. तिचं तोंड कडक, हाडाचं, आणि लागल्या लागल्या ती परत गवतात घुसायला बघते, त्यामुळं तिथं लेचापेचा रॉड चालतच नाही. म्हणून जाणकार लोक सात फुटी कास्टिंग रॉड (रील, म्हणजे दोऱ्याची चकरी, वरच्या बाजूला बसते तो) सांगतात, मीडियम हेवी पॉवर आणि फास्ट अ‍ॅक्शन. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो आणि अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो, फास्ट असेल तर वरचा भाग वाकतो आणि खालचा ताठ राहतो, त्या ताठपणावरच हुक घुसतो.

मला तोच हवा होता. दोन पर्याय पक्के केलेले, एक अमेरिकेतल्या नावाजलेल्या कंपनीचा, छापील किंमत १८,००० च्या आसपास, आणि दुसरा चीनमध्ये बनलेला, साडेतीन-चार हजारांचा, ज्याच्याबद्दल वापरणाऱ्यांकडून चांगलंच ऐकलेलं. ओळखीतून ह्या माणसाचा नंबर मिळाला. म्हणाला दोन्ही माझ्याकडं आहेत, अमेरिकनवाला ९,५०० ला देतो, कस्टमचा लॉट आहे म्हणून स्वस्त पडतो. सिंहगड रोडला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोलावलं, दोन्ही रॉड कापडी कव्हरमधून काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवले, बोलायला इतका गोड की विचारू नका, घाई अजिबात नाही, उलट म्हणतो तुम्हाला स्वस्तातला आवडला तर तोच घ्या.

आता नीट वाचा. अमेरिकन म्हणून जो रॉड होता त्याला रील आधीच लावून ठेवलेलं. दुसरा मोकळा. "एका बोटावर तोला दादा, बॅलन्स बघा." तोलला, रीलच्या किंचित पुढं एकदम स्थिर राहिला, टिप हलकी लागली. मग मोकळा रॉड हातात दिला, तो साहजिकच पुढं झुकला, कारण सात फुटी रॉडला मागं वजन नसेल तर कुठलाही रॉड पुढंच झुकणार, खरा असो खोटा असो. पण त्या क्षणी हातांना जे जाणवतं तेच खरं वाटतं. मग त्यानं दोन्हीची टिप गाडीच्या टायरला टेकवून वाकवून दाखवली, अमेरिकनवाल्याला हळू दाब आणि चिनीवाल्याला अंगाचा जोर लावून, आणि म्हणतो बघा हा कसा मधून बसतोय.

तोंडाची टकळी चालूच. चाळीस टन कार्बन आहे, आयएम-८ आहे, वगैरे. ह्या आकड्यांबद्दल सांगतो कारण सगळे विकणारे हेच तोंडावर फेकतात. टन म्हणजे रॉड किती वजन उचलेल ते नाही, तो कार्बनच्या धाग्याचा ताठपणा मोजायचा आकडा आहे, आणि जास्त टन म्हणजे रॉड हलका आणि ताठ होतो पण धक्क्याला नाजूकही होतो. आयएम-६, आयएम-७, आयएम-८ ही हेक्सेल नावाच्या एका कंपनीच्या कार्बनची नावं आहेत, सगळ्या धंद्याला लागू असलेला दर्जा नाही, त्यामुळं रॉडवर आयएम-८ लिहिलंय म्हणून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय त्यानं सांगितलं की जपानमधला वर्ल्ड रेकॉर्ड बास ह्याच कंपनीच्या रॉडनं, बेडकावर मारलेला आहे. तो मासा खरा आहे, २ जुलै २००९ ला बिवा तलावात मानाबू कुरिता ह्यांनी पकडला, १० किलोच्या वर होता आणि १९३२ पासूनच्या जॉर्ज पेरींच्या रेकॉर्डशी बरोबरी झाली. पण तो लागला जिवंत ब्लूगिल मासा लावलेल्या गळाला, रबरी बेडकाशी त्याचा संबंध नाही. विकणारा इतकं ठासून सांगतो तेव्हा कोण पार्किंगमध्ये उभं राहून शोधत बसतं.

पैसे यूपीआयनं दिले, छापील बिल मिळालं, "लाइफटाइम वॉरंटी" असं हातानं लिहून सही करून दिलं.

इंदापूर साईडला मित्राच्या गावात एक जुना तलाव आहे, ज्यांच्याकडं ठेका आहे त्यांना विचारून आम्ही तिथं बसतो. (धरणं, तलाव सगळीकडं मासेमारीचा हक्क कुणाचा ना कुणाचा असतो, विचारून जात जा, नाहीतर वाद होतात आणि मग सगळ्यांनाच बंदी होते.) पहिली चांगली मरळ लागली, मोठी होती, हुकसेट केला आणि रॉडवरून चर्र असा आवाज आला. टिपपासून तिसऱ्या गाईडची, म्हणजे दोरा ओवायच्या कडीची, आतली रिंग निघून पडलेली. गाईडमध्ये दोरा ज्याच्यावरून सरकतो ती गुळगुळीत सिरॅमिकची रिंग असते, ती नुसत्या गोंदावर चिकटवलेली होती. रिंग गेल्यावर ४० पौंडाचा ब्रेड (विणलेला दोरा) थेट पत्र्याच्या कडेवर घासला आणि दोन सेकंदांत कापला गेला. मरळ गेली, तोंडात डबल हुकचा बेडूक आणि मागं लोंबणारा ब्रेड घेऊन. मला ९,५०० पेक्षा ह्याचा त्रास जास्त झाला आणि अजून होतो. असा मासा जलपर्णीत अडकून मरतो. पावसाळ्याचे दिवस, मरळ पिल्लांजवळ राखण करत असते तो काळ, तिची पिल्लं जवळपास असतील का ह्या विचारानं रात्री झोप आली नाही.

रिंग गेलेला गाईड सोडून दोरा ओवला आणि परत टाकला, तर पुढच्या माशाला रॉडच जोडाच्या वर मोडला. मोडलेल्या तोंडात बघितलं तर वर काळा रंग, त्याच्याखाली कार्बनच्या विणीसारखं दिसणारं एक प्लास्टिकचं छापील आवरण आणि आत सगळे पांढरे केसाळ धागे. म्हणजे फायबरग्लास. ग्लासचा रॉड वाईट असतो असं नाही हं, क्रँकबेटला (ओढलं की पोहणारा नकली मासा) मुद्दाम ग्लासचे रॉड वापरतात कारण तो सावकाश वाकतो आणि माशाच्या तोंडातून हुक निसटत नाही. पण चाळीस टन कार्बन म्हणून ग्लास विकणं ही सरळ सरळ चोरी आहे.

घरी येऊन मी त्याच्या बटची, म्हणजे मागच्या टोकाची, रबरी टोपी उपसली. आत एम-सीलमध्ये रुतवलेले दोन लोखंडी नट. गाडीला असतात तसले, एकाला गंज चढलेला. तो बोटावरचा बॅलन्स ह्या नटांचा आणि त्या रीलचा होता! जड टिप लपवायला मागं लोखंड भरलेलं. घरच्या काट्यावर रॉड ठेवला तर सव्वादोनशे ग्रॅमच्या वर, कंपनीच्या साईटवर त्या सिरीजचे सात फुटी रॉड सव्वाशेच्या आतबाहेर.

मग मॉडेल नंबर नीट बघितला आणि डोकंच फिरलं. बऱ्याच कंपन्यांच्या नंबरात सगळी कुंडली असते, सी म्हणजे कास्टिंग, एस म्हणजे स्पिनिंग (रील खालच्या बाजूला), ७० म्हणजे सात फूट शून्य इंच, एमएच म्हणजे मीडियम हेवी, शेवटचा एफ म्हणजे फास्ट. माझ्या रॉडवर एस ७० एमएचएफ छापलेलं, म्हणजे स्पिनिंगचा नंबर, आणि रॉड चक्क कास्टिंगचा, बोट अडकवायचा ट्रिगर आहे, गाईड वरच्या बाजूला आहेत. दुसऱ्या कुठल्यातरी रॉडचं लेबल ह्याच्यावर डकवलेलं. थोडं सॅनिटायझर लावून अंगठ्यानं घासलं तर एमएचमधला एम पुसला गेला. कंपनीला मेल केला, मोडलेल्या तोंडाचा आणि सिरीयल नंबरचा फोटो पाठवला, त्यांनी सभ्यपणे कळवलं की असा नंबर आमच्या नोंदीत नाही आणि वॉरंटी फक्त अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालावर मिळते.

बिलाचंही तेच. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ नं. माझ्या बिलावर सुरुवात २७ नंच आहे पण मोजली तर अक्षरं चौदाच. हा नंबर जीएसटीच्या साईटवर फुकट तपासता येतो, दुकानाचं नाव समोर येतं, पैसे द्यायच्या आधी एवढं करा. बाहेरून आयात केलेल्या पॅक मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, माझ्या कव्हरवर तसलं काहीच नव्हतं, आणि "कस्टमचा लॉट" म्हटलं की लोक तेवढं सोडून देतात, हे त्याला पक्कं माहितीये.

वारज्याला एक काका आहेत, कितीतरी वर्षं गळ टाकतायत, त्यांना सगळं दाखवलं. ते म्हणाले, "अरे, रॉड बघायला जाताना आपलं रील घेऊन जायचं आणि तेच दोन्ही रॉडला लावून बघायचं. त्यानं लावलेलं रील आधी काढायला सांग, काढू दिलं नाही तर तिथूनच माघारी फिर." आणि त्यांनी दाखवलं की कानात घालायची कापसाची काडी प्रत्येक गाईडच्या रिंगमधून फिरवायची, रिंगला तडा किंवा खरखर असेल तर कापूस अडकतो, आणि रिंग अंगठ्यानं दाबून बघायची, हलली तर घ्यायचाच नाही. गाईडवर नामांकित कंपनीचं नाव असेल तर ते धातूत उमटवलेलं आहे का वरून रंगवलेलं तेही बघायचं. काकांबरोबर मी नंतर एका दुकानात जाऊन तो चिनीवाला रॉडच परत हातात घेतला, ह्या वेळी माझं रील लावून. चांगला आहे हो! टिप हलकी, वाकतो तो वरूनच, मधून बसत वगैरे काही नाही. ज्या रॉडला त्यानं माझ्यासमोर नावं ठेवली तो सरळ साधा खरा माल होता आणि निम्म्याहून कमी पैशांत मिळत होता.

त्या माणसाला फोन केला तर आधी म्हणाला तुम्ही गाडीच्या दारात अडकवला असेल, मग म्हणाला हाय-स्टिकिंग केलंत, म्हणजे मासा जवळ आल्यावर रॉड उभा धरून ओढला. असा खरा रॉडही मोडतो हे बरोबर आहे, पण खऱ्या रॉडमधून पांढरे धागे निघत नाहीत आणि बटमध्ये नट सापडत नाहीत. नटांचा फोटो पाठवल्यावर ब्लॉक केलं.

ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार नोंदवलीये, पोलिसांत लेखी अर्ज दिलाय, जिल्हा ग्राहक आयोगात जायची कागदं जमवतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून "एवढ्याशा रकमेसाठी कुठं जायचं" असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे त्याला. पैसे ज्या नावाच्या खात्यात गेले ते नाव यूपीआयच्या पावतीवर आहे, पावती, बिल, चॅट सगळं जपून ठेवलंय, रॉडचे दोन तुकडे आणि नटसुद्धा.

सिंहगड रोड, वारजे, धायरी ह्या पट्ट्यात पार्किंगमध्ये बोलावून दोन रॉड दाखवणाऱ्या माणसाकडून कुणी असा रॉड घेतला असेल तर वापरायच्या आधी बटची टोपी काढून बघा, मॉडेल नंबर वाचा, गाईडच्या रिंग दाबून बघा. नट निघाले तर ते फेकू नका, जागच्या जागी फोटो काढा आणि मला मेसेज करा. तिघं-चौघं झालो की अर्ज एकत्र देऊ, माझ्या अर्जाची पोच आणि नंबर माझ्याकडं आहे.