द्वोये की द्वोयित्सा? क्रोएशियनमधले ‘दोघे’

क्रोएशियन शिकणारे इंग्रजी पुस्तकातून गेले की इथे अडखळतात. मराठी माणसाने अडखळू नये, कारण आपल्याकडे दोघे, दोघी, दोघं आहेतच.

‘द्वोयित्सा’ म्हणजे दोघे, फक्त पुरुष. ‘द्वोयित्सा स्तुदेनाता’ म्हटलं की दोन्ही विद्यार्थी मुलगेच. एक मुलगा, एक मुलगी असेल तर ‘द्वोये’. गंमत बघा, आपण ‘दोघं आली’ असं नपुंसकलिंगी बोलतो. तिथेही ‘द्वोये ये दोश्लो’, क्रियापद नपुंसकलिंगीच, फक्त एकवचनी. लहान मुलांसाठीही (मुलगे असोत वा मुली) हेच रूप: द्वोये द्येत्से, दोन मुलं; त्रोये द्येत्से, तीन मुलं. ‘द्वोयित्सा’ असो वा ‘द्वोये’, पुढचं नाम षष्ठीत जातं, ते मात्र घोकावं लागतं.

‘दोघी’ला वेगळं रूप नाही, साधा आकडा, ‘द्विये झेने’, दोन बायका.

आपली गाडी चौघांपाशी थांबते, मग पाच जण, सहा जण. त्यांची पुढे जाते: पेतेरो (पाच जण, स्त्री-पुरुष मिळून), पेतोरित्सा (पाच पुरुष). शिवाय दार, ‘व्राता’, त्यांच्याकडे कायम बहुवचनी, म्हणून दोन दारं म्हणजे ‘द्वोया व्राता’. इथे मराठी कामाला येत नाही.

आधी ‘द्वोये’ पक्कं करा. घरच्यांबद्दल बोलताना तेच जास्त लागतं.