तयार पेन्सिल प्रिंट आणि माझे २,३६,३३० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे कीव करायची की हसायचं ते तुम्हाला ठरवता येईल. दोन लाख छत्तीस हजार तीनशे तीस. यातले ४२,८३० तर मी स्वतः, स्वतःच्या हातांनी, रविवारचे रविवार घालवून त्या गाडीत ओतले. बायकोला आजपर्यंत एक लाखच माहीत आहेत. हे वाचून कळणारच आहे, तर कळू दे.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. नव्या पोरांना नाव माहीत नसेल. बंगळूरच्या सॅन मोटर्स कंपनीची ही दोन सीटची, फायबरच्या बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. आजच्या हिशोबात ताकद काहीच नाही, पण गाडी इतकी हलकी की मजा यायची. कॉलेजात असताना पुण्यात डेक्कनवर एक लाल स्टॉर्म बघितली होती, तेव्हापासून डोक्यात होती. आता शेहेचाळिशीत, कर्ज फिटल्यावर, पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने एक जुनी गाडी उभी करावी एवढीच हौस. यात हाव कुठे होती ते मला कुणीतरी दाखवून द्यावं. दीड-पावणेदोन लाखांत पडीक स्टॉर्म हा काही फुकटचा भाव नाही, त्यामुळे ‘स्वस्तात मिळतंय म्हणून धावलास’ हे मला ऐकवू नका.

जाहिरात गोव्यातली. पिवळी गाडी, नोंदणी २००१ ची, आंब्याखाली पत्र्याच्या शेडमध्ये उभी. विकणारा तिशीतला, बोलायला गोड. आरसीवर नाव त्याच्या काकांचं म्हणे. काका म्हातारे, बाहेर पडत नाहीत, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ठेवल्यात. १०,००० टोकन यूपीआयने दिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रात्रीच्या बसने गेलो, उरलेले ९०,००० बँकेतून आणि ६५,००० रोख दिले. रोखीची पावती नाही. हो, माहितीये. पण समोर त्याची आई सोलकढी-भात वाढत असताना ‘पावती लिहून द्या’ म्हणायला जीभ रेटली नाही. ती बाई त्याची आई होती का, हेही आता छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी अगदीच बावळटासारखा गेलो नव्हतो. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहिला होता, आरसी ॲक्टिव्ह, कर्जाचा बोजा नाही. मालकाचं नाव आणि चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला नंबर, ॲपवर अर्धे फुल्या मारूनच दिसतात, त्यामुळे जे दिसलं ते जुळलं. लोहचुंबकसुद्धा नेला होता. हसू नका, फायबरच्या बॉडीला तो चिकटत नाही हे मलाही कळतं, तो खालच्या लोखंडी सांगाड्यासाठी होता. कारण फायबरच्या गाडीत खरी मेख तिथेच असते. वरची बॉडी कधीच गंजत नाही, ती तडकते, तिचा रंग पिठासारखा सुटतो, पण रेझिन आणि ग्लास मॅट आणून घरी दुरुस्त होते. आतला सांगाडा मात्र समुद्राच्या हवेत गुपचूप कुजतो आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून चुंबक, म्हणून टॉर्च, म्हणून मी चिखलात आडवा झालो.

आणि तिथेच मी ते पाहिलं. अख्खा सांगाडा गंजून तांबडा झालेला, आणि एकाच ठिकाणी, वीतभर जागेत, ताजा काळा रंग. बरोबर जिथे चेसिस नंबर पंच केलेला होता तिथे. मी विचारलंसुद्धा! ‘इथेच कसा रंग?’ तो म्हणाला, ‘साहेब, नंबर गंजात जाऊ नये म्हणून काल जरा हात मारला.’ मला ते पटलं. उलट वाटलं, पोरगा काळजी घेणारा आहे. मग नंबरवर कागद ठेवून, वरून पेन्सिल घासून त्याचा ठसा, म्हणजे पेन्सिल प्रिंट, घ्यायला मी खिशातला कागद आणि पेन्सिल काढली, तर तो म्हणाला, ‘कशाला त्रास घेता, एजंटने कालच प्रिंट काढून फॉर्मला लावलीये.’ फॉर्मला खरंच पेन्सिल प्रिंट चिकटवलेली होती, स्वच्छ, सुबक. बसमधून उतरल्यापासून माझी कंबर धरली होती. मी उठलो, पँट झटकली आणि पेन्सिल खिशात ठेवली.

ती पेन्सिल अजून माझ्या टेबलावर आहे. कागद घासायला वीस सेकंद लागले असते. घासताना रंगाखालच्या जोडाची कड पेन्सिलला लागलीच असती. किमान नखाला तरी लागली असती. कुणाचीही तयार प्रिंट घेऊ नका, सख्ख्या भावाचीसुद्धा नाही. चिखलात लोळा, पण स्वतः घासा.

टोइंगचे १६,५०० झाले. एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, काढून देण्याचे एजंटने १२,००० घेतले, ‘महिन्याभरात पोस्टाने येईल, गाडी न्या तोवर’. दुसऱ्या राज्यातली गाडी एनओसी हातात पडल्याशिवाय उचलायची नसते हे मी स्वतः दोन मित्रांना शिकवलेलं आहे. जानेवारीपासून एजंटचा फोन बंद. विकणाऱ्याचा लागायचा, ‘सर्व्हर डाऊन आहे साहेब’.

तोवर माझं काम जोरात चाललं होतं. चार टायर १२,८००. गॅस्केटचा सेट युरोपातून कस्टमसकट ९,३२०, कारण हे इंजिन तिकडे क्लिओ आणि ट्विंगोमध्ये होतं, इथे त्याचं सामान मिळत नाही. ब्रेकचे सिलिंडर आणि होज ५,१५०, रेडिएटर ४,२००, बॅटरी ३,९००, आणि रेझिन, हार्डनर, मॅट, पॉलिश पेपर मिळून ७,४६०. पुढच्या बंपरखालची तडक मी इतकी सुंदर भरली होती की बोट फिरवून जोड सापडत नव्हता. तेवढं एक काम आयुष्यात नीट जमलं आणि ते चोरीच्या मालावर.

फेब्रुवारीत सांगाड्याचा गंज काढायला घेतला. ग्राइंडरला वायरचा ब्रश लावला आणि काळ्या रंगावरून फिरवला, तर खालून वेल्डिंगची रेघ निघाली. चारी बाजूंनी. नंबरची प्लेट दुसऱ्या गाडीतून कापून इथे बसवलेली. वेल्डर बोलावून ती उचकटली, तर खाली मूळ नंबर घासून काढलेला, शेवटचे दोन आकडे तेवढे अंधुक राहिलेले.

आरसीवरच्या पत्त्यावर मी माणूस पाठवला. काका नाहीतच. मालकांची मुलगी फोनवर आली, ‘पप्पांची स्टॉर्म २००९ मध्ये ट्रकखाली गेली. भंगारवाल्याला दिली. तुम्ही कोण?’

आता मला एवढंच सांगा. २००१ ची खासगी गाडी, म्हणजे पंधरा वर्षांनी २०१६ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण, पुन्हा २०२१ मध्ये. दोन्ही वेळा गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवावी लागते. २००९ ला चेंदामेंदा झालेली गाडी या दोन्ही वेळी कुणी तपासली? ती चालत आली होती का? हाच प्रश्न मी तिथल्या आरटीओत उभं राहून विचारला. उत्तर मिळालं, ‘आमच्या रेकॉर्डला गाडी ओके आहे. तुमची काही तक्रार असेल तर पोलिसांचं पत्र आणा.’ माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारलं, तर ‘तिसऱ्या व्यक्तीची वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार. तिसरी व्यक्ती! मग दुसरा कोण, मी?

इथल्या पोलीस ठाण्यात गेलो तर ‘व्यवहार गोव्यात झाला, तिकडे जा’. तिकडे गेलो तर ‘पैसे पुण्याच्या खात्यातून गेले, तिकडे द्या’. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते, नव्या कायद्याचं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १७३ आहे, मी छापून नेलं होतं. हवालदारांनी वाचलं आणि म्हणाले, ‘छान आहे, ठेवा तुमच्याकडे.’ फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं तरी खुर्च्या त्याच आहेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर म्हणे तुम्ही गाडी बघून, हात लावून घेतलीत, हा ऑनलाइन प्रकार नाही. टोकन यूपीआयने गेलं म्हटलं, तर म्हणे लगेच कळवायला हवं होतं. लगेच म्हणजे कधी, सोलकढी पिताना? अर्जाची नुसती पोच मिळवायला मला चार चकरा झाल्या, आणि चौथ्या चकरेत एका साहेबांनी आवाज खाली आणून समजावलं, ‘फार ताणू नका. नंबर घासलेली गाडी तुमच्या ताब्यात आहे. गुन्हा दाखल झाला तर आधी गाडी जप्त, मग तुमचा जबाब, चोरीचा माल घेणारा म्हणून.’ म्हणजे लुटला गेलो मी, आणि घाबरायचंही मीच. आरटीओला पोलिसांचं पत्र हवंय, पोलिसांना आरटीओचं.

तरीही जे कुणी स्टॉर्म, स्टँडर्ड कंपनीची जुनी गाडी, काहीही पडीक उचलायला निघाले असाल त्यांना सांगतो : आरसीवरच्या माणसाला स्वतः भेटा, पुतण्याला नाही. इंजिन नंबरही घासून बघा. रोख देऊ नका, दिलेत तर मोबाइलवर चित्रीकरण करा, लाजू नका. आणि सामान मागवायच्या आधी, एकही टायर घ्यायच्या आधी, पहिल्याच रविवारी नंबरच्या जागेवरचा रंग काढून बघा. मी तो सगळ्यात शेवटी काढला, कारण मला आधी बंपर चमकवायचा होता.

गाडी विकता येत नाही. भंगारातही देता येत नाही, कारण अधिकृत भंगार केंद्रवाला आरसी आणि चेसिस नंबर जुळवून घेतो. सोसायटीचं पत्र आलंय, ३० तारखेपर्यंत पार्किंग मोकळं करा. ती सध्या ताडपत्रीखाली, स्टँडवर उभी आहे, चाकांशिवाय. टायर एकाला विकले, ८,००० आले. वरच्या बेरजेतून वजा करून घ्या.