जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र : दीड वर्षाचा अनुभव

आमच्या मुलीला जन्मतः डाउन सिंड्रोम आहे. ती चार महिन्यांची असताना आशाताईंनी आम्हाला जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले. बाळांच्या वाढीतील अडचणींवर लवकर उपचार सुरू करणारे हे केंद्र; तिथे सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘डीईआयसी’च म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघर येथून झाली आणि त्याखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व उपचार मोफत होतात. मोफत म्हणजे जेमतेमच असणार, अशी आमच्या घरात धारणा होती. ती बरीचशी चुकीची ठरली, सगळी नाही.

पहिल्याच भेटीत बालरोगतज्ज्ञांनी कॅरिओटाइप तपासणी, म्हणजे रक्तातून गुणसूत्रांची तपासणी, सांगितली. चेहरा पाहून निदान झालेच आहे, मग पुन्हा रक्त कशाला, असे मी विचारले. सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते, परंतु काही थोड्या मुलांमध्ये जादाचा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. तसे निघाल्यास आईवडिलांचीही तपासणी करावी लागते, कारण पुढच्या बाळाविषयीची शक्यता त्यावर अवलंबून असते, असे त्यांनी कागदावर जोड्या काढून समजावले. आमचा अहवाल साध्या ट्रायसोमीचा, म्हणजे सुट्या तीन गुणसूत्रांचा, आला आणि ‘ग्रहणात काही चिरले होतेस का’ हा सासूबाईंचा प्रश्न त्यानंतर घरात ऐकू आला नाही. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, म्हणून छातीत आवाज नसतानाही टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करवून घेतला, आणि थायरॉइडची तपासणीही ठरावीक अंतराने होते.

केंद्राची खरी किंमत मात्र फिजिओथेरपीच्या खोलीत कळते. तिथे रंगीत चेंडू, रोलर, आरसे सगळे आहे, पण आठवड्यातून चाळीस मिनिटे चेंडूवर झुलवून मूल बसू लागत नाही, हे तिथल्या मॅडमना पक्के ठाऊक आहे. मुलगी पालथी असताना दोन्ही पाय बाजूंना पूर्ण फाकवून एकदम बसती व्हायची, तेव्हा आम्ही घरी टाळ्या वाजवत होतो. मॅडमनी ते पाहिले आणि तिला कुशीवर वळवून, एका हातावर भार देत उठायला लावले. स्नायू सैल असल्यामुळे ती पाय फाकवण्याची सोपी वाट धरते, मग कंबर वळवायला आणि पोटाच्या स्नायूंनी उठायला शिकत नाही, असे त्यांनी सांगितले. उपाय काय, तर जुन्या पायजम्याचे दोन्ही पाय मांड्यांपाशी एकमेकांना शिवून टाकायचे. खर्च सुईदोऱ्याचा. महिनाभरात ती कुशीवरून उठू लागली.

भरवण्याचेही तसेच. आम्ही नाचणीचे सत्त्व तिच्या वरच्या ओठाला पुसून चमचा बाहेर काढत होतो. उथळ चमचा जिभेवर टेकवून किंचित दाबायचा, ओठ मिटेपर्यंत थांबायचे आणि सरळ बाहेर ओढायचा, हे वाचा-उपचारतज्ज्ञांनी माझ्याच हाताने तीनदा करवून घेतले. तेच ओठ पुढे ‘प’ आणि ‘म’ म्हणणार आहेत, असे त्या म्हणाल्या.

तक्रार आहे ती श्रवणाबाबत. डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, मधल्या कानात पाणी साचते आणि ऐकू कमी येते. म्हणजे बोलणे उशिरा येण्यामागे बुद्धीइतकाच कानही असू शकतो. असे असताना आम्हाला बेरा या श्रवण तपासणीसाठी साडेतीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली, कारण श्रवणतज्ज्ञाचे पद रिकामे होते. अखेर पैसे भरून बाहेर तपासणी केली. ज्यांना ते परवडत नाही अशी दोन कुटुंबे आमच्यासमोर रांगेत थांबली होती. केसपेपरवर अजूनही ‘मतिमंद’ असा शिक्का मारतात, तोही बदलायला हवा. शिवाय वडील सोबत आले तरी सूचना फक्त आईलाच दिल्या जातात. माझ्या नवऱ्याने स्वतःहून चटईवर बसायला सुरुवात केली, तेव्हा कुठे त्याला कामाला लावले.

जाणार असाल तर केसपेपर सकाळी नऊच्या आत काढा, सोबत मुलाचा नेहमीचा चमचा आणि वाटी न्या, आणि घरी जमले नाही ते लपवू नका. मॅडम रागावत नाहीत, पुन्हा दाखवतात.