कंट्री स्क्वायर की रोडमास्टर? युरोपात जुनी अमेरिकी वॅगन घेण्याआधी

अठरा फूट लांब, पावणेसात फूट रुंद, दोन्ही बाजूंना लाकडाचा भास देणारा पट्टा आणि डिकीत जादा सीट. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये राहून अशी अमेरिकी स्टेशन वॅगन बाळगायची हौस असलेले मराठी लोक थोडेच असतील, पण आहेत. त्यांचं घोडं बहुधा दोन गाड्यांपाशी अडतं. एक, ऐंशीच्या दशकातली चौकोनी फोर्ड कंट्री स्क्वायर. दुसरी, नव्वदच्या दशकातली गोलसर ब्यूक रोडमास्टर इस्टेट (ब्यूक हा जनरल मोटर्सचा ब्रँड). दोन्हींत व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, दोन्हींचं बांधकाम स्वतंत्र चासीवर, दोन्हींत ताकद मागच्या चाकांना.

फोटो बघून कोणती आवडते ते ठरवायला पाच मिनिटं पुरतात. माझं म्हणणं, आधी आपण राहतो कुठे ते बघावं. तीच गाडी एका देशात मानाची जुनी गाडी ठरते आणि शेजारच्या देशात नुसतीच जुनी.

कंट्री स्क्वायर हे नाव फोर्डने १९५० पासून १९९१ पर्यंत चालवलं. आपण बोलतोय ती शेवटची, १९७९ ते १९९१ ची पिढी. रोडमास्टर इस्टेट १९९१ ते १९९६ एवढीच बनली. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात डिसेंबर १९९६ मध्ये ती बंद झाली आणि जनरल मोटर्सने तो कारखाना मोठ्या एसयूव्ही बनवायला वळवला. म्हणजे तिची जागा कोणी घेतली ते वेगळं सांगायला नको. शेवरले कॅप्रिस वॅगन हिचीच बहीण. पुढे ब्यूकबद्दल जे लिहिलंय, त्यातलं बरंचसं तिलाही लागू आहे, आणि ती सहसा स्वस्त मिळते.

तीस वर्षं आणि चाळीस वर्षं

जर्मनीत गाडीच्या पहिल्या नोंदणीला ३० वर्षं झाली, ती मूळ रूपात आणि चांगल्या अवस्थेत आहे असा तज्ज्ञाचा दाखला मिळाला, की 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळते. मग इंजिन कितीही लिटरचं असो, वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो. शहरांतल्या पर्यावरण-क्षेत्रांत, कमी धुराच्या गाड्यांना मिळणाऱ्या हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं. दर दोन वर्षांची तपासणी मात्र सुटत नाही. शेवटच्या रोडमास्टरला २०२६ मध्ये तीस पूर्ण होतात, त्यामुळे जर्मनीत दोन्ही गाड्या एकाच रांगेत येऊन बसल्या आहेत.

ब्रिटनमध्ये रेघ चाळीसवर आहे. गाडी चाळीस वर्षांची झाली की दरवर्षी १ एप्रिलला हिशेब होतो. एप्रिल २०२६ पासून १ जानेवारी १९८६ च्या आधी बनलेल्या गाड्यांना रोड टॅक्स माफ. मोठे फेरफार केलेले नसतील तर वार्षिक एमओटीचीही (गाडीच्या सक्तीच्या तपासणीची) गरज नाही, पण गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवायची जबाबदारी तुमचीच. लंडनकरांसाठी खरी गोम पुढे आहे. ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ म्हणजे कमी-धुराचं क्षेत्र लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये म्हणजे नगरविभागांत लागू झालं. जी पेट्रोल गाडी युरो-४ या धुराच्या मानकात बसत नाही, तिला दिवसाला १२.५० पौंड. ऐतिहासिक वर्गात नोंदलेल्या, म्हणजे वरच्या चाळीसच्या रेघेपलीकडच्या गाड्यांना सूट. १९८५ ची स्क्वायर हाउन्स्लो किंवा हॅरोसारख्या लंडनच्या उपनगरात फुकट फिरते, आणि १९९४ च्या रोडमास्टरला तीच मोकळीक मिळायला २०३५ उजाडेल. आठवड्यातून दोनदाच काढली तरी वर्षाचे १,३०० पौंड झाले. शिवाय मोठ्या इंजिनाचा रोड टॅक्स आणि दरवर्षीची एमओटी आहेच.

आता एक बारकावा, जो जाहिरातीत कोणी लिहीत नाही. अमेरिकेत 'मॉडेल इयर' आधीच्या वर्षीच्या शरदात सुरू होतं. कंट्री स्क्वायरला चांगलं, प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं फ्युएल इंजेक्शन १९८६ च्या मॉडेलपासून आलं. पण १९८६ चं मॉडेल म्हणून विकलेली गाडी ऑक्टोबर-नोव्हेंबर १९८५ मध्ये बनलेली असू शकते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. त्या स्टिकरचा स्पष्ट फोटो मागा. इंजिन नवं आणि तारीख जुनी अशी गाडी सापडली, तर लंडनमध्ये राहणाऱ्याने भाव करत बसू नये.

आयातीचंही गणित वयावरच फिरतं. तीस वर्षांपुढची, मूळ स्वरूपातली, उत्पादन थांबलेली गाडी संग्राह्य वस्तू म्हणून आणली तर जर्मनीत सीमाशुल्क शून्य आणि आयात-व्हॅट ७ टक्के; ब्रिटनमध्ये शुल्क शून्य, व्हॅट ५ टक्के. बोटीच्या भाड्यासकट १२,००० युरोची गाडी धरा. ७ टक्क्यांनी ८४० युरो. तीच गाडी तीस भरायच्या आत बंदरात उतरली, तर १० टक्के शुल्क आणि त्यावर १९ टक्के व्हॅट मिळून ३,७०८. तेव्हा १९९६ च्या उत्तरार्धात बनलेली रोडमास्टर आणायची असेल तर बोट कधी पोचते ते कॅलेंडरवर बघा. चार आठवड्यांच्या घाईपायी पावणेतीन हजारांहून जास्त युरो घालवण्यात काय हशील?

बॉनेटखाली

इथे रोडमास्टर सरळ पुढे आहे, पण वर्ष बघून. १९९१ ला ५.० लिटरचं १७० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, १९९२ पासून ५.७ लिटर, १८० हॉर्सपॉवर. १९९४ पासून तिला कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं एलटी-१ इंजिन मिळालं: २६० हॉर्सपॉवर, दोन टनांची गाडी. जर्मन ऑटोबानवर ताशी १२० ला इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आतच असतं आणि गाडीत बसलेल्यांना ते जाणवतही नाही. घ्यायचीच तर १९९४ ते ९६ ची घ्या. आधीच्यांत तोच लांबरुंद देह आहे, दम नाही.

या इंजिनाचं दुखणं एकच आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. ऑप्टिस्पार्क नावाचा डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग) इंजिनाच्या तोंडाशी, वॉटर पंपाच्या मागे बसवलाय. वॉटर पंप गळू लागला की पाणी थेट त्याच्यावर. गाडी आधी अडखळते, मग ओल्या सकाळी सुरूच होत नाही. युरोपात ओल्या सकाळींना तोटा नाही. १९९५ पासून त्यात हवा खेळवायची सोय केली, त्याने फरक पडला, पण प्रश्न मिटला नाही. काम करताना वॉटर पंप आणि ऑप्टिस्पार्क एकदमच बदलावेत, कारण ऑप्टिस्पार्कपर्यंत पोचायला पंप काढावाच लागतो. स्वस्तातला बनावट भाग लावून दोनदा मजुरी देऊ नका. गाडी बघायला जाल तेव्हा वॉटर पंपाखाली बॅटरी मारून ओल किंवा वाळलेल्या कूलंटचे डाग शोधा. विकणाऱ्याने नवा बसवलाय म्हटलं तर पावती मागा.

स्क्वायरचं ५.० लिटरचं इंजिन १५० हॉर्सपॉवरचं. कागदावर हे पाणचट वाटतं आणि चढावर वाटतंही. पण इंजिनाचं हेच घराणं फोर्डच्याच मस्टँगमध्ये १९९५ पर्यंत आणि एक्सप्लोररमध्ये २००१ पर्यंत चाललं. त्यामुळे यंत्राचा प्रत्येक नटबोल्ट आजही नवा मिळतो. १९८६ नंतरच्या गाडीत बिघाडाचे कोड वाचायला कॉम्प्युटर लागत नाही. तारेचा एक तुकडा जोडला की चमकणारा दिवा मोजून दोष कळतो. आधीच्यांपासून जरा जपून. १९८३ ते ८५ मध्ये मधोमध बसवलेलं जुनं इंजेक्शन आहे, ते लावून घ्यायला जाणता हात लागतो. त्याआधीचा कार्बुरेटर तर अमेरिकेतले मेकॅनिकही काढून टाकायचे. म्हणूनच वरच्या त्या स्टिकरवर एवढा भर दिला.

स्क्वायरचं दुखणं गिअरबॉक्समध्ये. तिच्या चार-गिअरच्या ऑटोमॅटिकला थ्रॉटलपासून एक केबल जाते. तिच्या टोकाला प्लॅस्टिकचं छोटं बुश असतं. ते झिजून पडलं तर गिअरबॉक्समधला दाब कोसळतो, क्लच घसरतात, आणि तशीच चालवत राहिलात तर संपूर्ण गिअरबॉक्स जळतो. पितळेचं बुश काही डॉलरना मिळतं. गाडी हातात आल्या दिवशी पहिलं काम ते करावं, ऑइल बदलणं दुसरं.

पान्यांचा एक वैताग: स्क्वायरचं इंजिन इंची मापाचं. जवळच्या गॅरेजमधल्या तरुण जर्मन मेकॅनिककडे अर्ध्या इंचाचं सॉकेट नसतं आणि तो तेरा नंबरचं लावून बोल्टचं डोकं गोल करतो. स्वतःचा संच ठेवा. रोडमास्टरवर मिलिमीटर जास्त, पण इंची बोल्ट अधूनमधून तिथेही भेटतात.

सुटे भाग आणि दिवे

ब्रेक, फिल्टर, बुश, सेन्सर यांची चिंता कोणत्याच गाडीला नाही. अमेरिकेतून मागवा, टपालखर्च आणि व्हॅट धरूनही मजुरीपेक्षा ते स्वस्त पडतं. अडतं ते अंगावरच्या कामात. रोडमास्टरच्या दुसऱ्या रांगेवर छतात बसवलेली मोठी काच, मागच्या बाजूच्या काचा, दारावरच्या पट्ट्या. स्क्वायरच्या लाकडी पट्ट्याभोवतीची फायबरची चौकट. हे नवं कोणी बनवत नाही. तो 'लाकडी' पट्टा म्हणजे विनाइलचा सनमायकाच, उन्हाने करपला की दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. म्हणून नियम साधा: इंजिन थकलेलं चालेल, पट्टा आणि काचा धड हव्यात. गंज पाहायचा तो मागच्या चाकांच्या कमानीत आणि मागच्या दाराच्या खालच्या कडेत. टेक्सास-अ‍ॅरिझोनाची गाडी बरी, रस्त्यावर मीठ पडणाऱ्या राज्यातली नको.

दिव्यांचा कटकटीचा भाग दोन्हींना आहे. मागचे इंडिकेटर लाल असतात. जर्मनी आणि ब्रिटन दोघांनाही ते पिवळे लागतात. ब्रिटनमध्ये पुढच्या दिव्यांचा झोत डावीकडे पडायला हवा. स्क्वायरचे आयताकृती दिवे प्रमाणित मापाचे, त्यामुळे युरोपी खुणेचे दिवे त्या जागी बसतात. रोडमास्टरचा दिवा तिच्यापुरता घडवलेला आहे, तिथे तपासणी करणाऱ्या माणसाशी आधीच बोलून घेतलेलं बरं.

एसीबद्दल दोन वाक्यं. १९९४ पासूनच्या रोडमास्टरमध्ये आर-१३४ए गॅस आहे, कुठेही भरून मिळतो. स्क्वायरमध्ये बंदी आलेला आर-१२ होता, म्हणून रूपांतराचा खर्च धरा.

घरच्यांसाठी

रोडमास्टरची मागची सीट उलट तोंडाची, स्क्वायरच्या मागे दोन छोट्या सीट समोरासमोर. मुलांना दोन्ही आवडतात, आणि दोन्हींवर आजची कार-सीट बसत नाही असंच धरून चाला. जर्मनीत १२ वर्षं किंवा दीड मीटर उंचीपर्यंत, ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १.३५ मीटरपर्यंत ती सक्तीची आहे. सुरक्षितता हा घरातला मुद्दा असेल तर वाद नको: १९९४ नंतरच्या रोडमास्टरला दोन एअरबॅग आणि एबीएस आहे. स्क्वायरला ड्रायव्हरची एअरबॅग १९९० ला आली, त्याआधी पट्टा आणि परमेश्वर. सीट दुमडल्या की ब्यूकमध्ये चार बाय आठ फुटांची प्लायवूडची शीट सपाट बसते. मंडळाच्या गणपतीचं मखर एका खेपेत हॉलपर्यंत पोचवणारी दुसरी गाडी गल्लीत नसेल.

जागेचा प्रश्न घेण्याआधी सोडवा. ब्रिटनमधली पार्किंगची चौकट साधारण ४.८ मीटरची. स्क्वायर ५.४६ मीटर, रोडमास्टर ५.५३. मागचं दार उघडायला आणखी जागा. पेट्रोल महामार्गावर शंभर किलोमीटरला ११-१२ लिटर, शहरात १७ च्या पुढे. यात दोघींत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

जीप ग्रँड वॅगनीअरचं नाव कोणीतरी काढतंच. दिसायला दोघींपेक्षा देखणी आहे, हे कबूल. पण ५.९ लिटरचं कार्बुरेटरवालं इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह आणि चढलेले भाव बघता तिला या हिशेबात धरू नये.

जर्मनीत, स्वीडनमध्ये किंवा लंडनबाहेर राहणाऱ्या आणि लांब पल्ल्यावर जाणाऱ्या माणसाला मी १९९५ ची रोडमास्टर सांगेन. स्वीडनमध्ये तीस वर्षांनंतर वाहनकर नाही आणि अमेरिकी गाड्यांचं वेड एवढं जुनं आहे की जाणता मेकॅनिक गावात सापडतो. लंडनच्या हद्दीत राहणाऱ्याला, किंवा ज्याला रविवारी स्वतः हात काळे करायला आवडतात त्याला, स्क्वायर. विम्याच्या कंपन्या जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये बहुधा विचारतील की रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे का. 'नाही' असं उत्तर असेल तर स्वस्त क्लासिक विमा विसरा.

पैसे देण्याआधी शेवटचं काम कागदाचं. अमेरिकेतल्या राज्याचं मूळ 'टायटल' म्हणजे मालकीचा कागद विकणाऱ्याच्या नावावर आहे का, त्यावर कोणा बँकेचा बोजा नाही ना, आणि त्यावरचा चासी नंबर विंडशील्डखालच्या पट्टीशी जुळतो का, हे बघा. झेरॉक्सवर जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदरात गाडी उतरेल, पण नोंदणी होणार नाही, आणि बंदरातलं भाडं दिवसागणिक चढत जाईल. ब्रिटनमध्ये गाडी आल्यापासून १४ दिवसांत कर खात्याला कळवावं लागतं, त्याशिवाय नंबर मिळत नाही.